खिडकीकडे पाठ करून

चित्र पाहायचं तर त्याच्यासमोर उभं राहायचं, ही आपली साधी सवय. काँकच्या चर्चमध्ये या सवयीपायी माझा पहिला अर्धा तास वाया गेला. ज्या खिडक्यांसाठी तिथवर गेलो होतो त्यांच्यासमोर मान वर करून उभा राहिलो, तर दिसल्या त्या पांढुरक्या काचा आणि त्यांच्यावरून तिरप्या गेलेल्या काळ्या रेघा. खोटं कशाला बोलू, आधी आठवण झाली ती जुन्या सरकारी कचेऱ्यांतल्या दुधी तावदानांची. मान अवघडली म्हणून मागे वळलो आणि पाठीमागचा खांब पाहिला. खांबाची एक कड मधासारखी पिवळसर, वळणावर पुढे राखाडी, आणि त्याही पलीकडे अगदी फिकी निळी. कुठे एक रंग संपून दुसरा सुरू झाला ते बोट ठेवून सांगता येईना. दगड तर तोच, एकच. मग रंग कुठला? काचेकडे पुन्हा पाहिलं, तर तिच्यातही तो नव्हता.

पिएर सुलाजच्या खिडक्या पाहायची रीत मला त्या खांबानं शिकवली. त्यांच्याकडे पाठ करायची.

काँक हे दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागातलं डोंगरउतारावरचं गाव. वस्ती काहीशेंची, छपरं दगडी पाटांची. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचा हा जुना मुक्काम आहे, आणि अजूनही पाठीवर पोतडी घेतलेली, पाय सुजलेली माणसं संध्याकाळी गावात उतरताना दिसतात. मुक्काम पडला तो सेंत-फ्वाच्या अस्थींमुळे. ही आजँ गावची कोवळ्या वयात धर्मासाठी मारली गेलेली मुलगी. तिच्या अस्थी नवव्या शतकात काँकच्या एका साधूनं तिकडे जाऊन, विश्वास संपादन करून, चक्क चोरून आणल्या. चोरी उघड आहे, लिहून ठेवलेली आहे, आणि कुणाला तिची लाज वाटत नाही. संतीणबाईंच्याच मनात इकडे यायचं होतं, असा त्याचा खुलासा! त्या अस्थींच्या जिवावर अकराव्या शतकात हे चर्च उभं राहू लागलं आणि बाराव्या शतकाच्या सुरुवातीला पुरं झालं.

आत जाण्याआधी पश्चिमेच्या दारावर थांबावंच लागतं. कमानीखालच्या अर्धगोलात शेवटच्या न्यायदिवसाचा देखावा कोरलेला आहे, त्यात १२४ आकृत्या आहेत. मधोमध ख्रिस्त, एक हात वर, एक खाली. एका बाजूला शहाण्यासारखी ओळीनं चाललेली पुण्यवान मंडळी, दुसऱ्या बाजूला पापी आणि त्यांना छळणारी भुतं. आपल्याकडच्या यमपुरीच्या पटांप्रमाणे इथेही शिल्पकाराचा हात नरकातच जास्त खुललेला आहे. एक कंजूष गळ्यात पैशांची थैली अडकवून लटकलाय. पण माझा जीव जडला तो कमानीच्या कडेवर. तिथे दगडाच्या पट्टीमागून काही चेहरे नाकापर्यंत वर येऊन खालचा सगळा प्रकार चोरून बघतायत. आठ-नऊ शतकं झाली, त्यांचं बघणं संपलेलं नाही. या शिल्पावर निळ्या आणि तांबड्या रंगाचे अंश अजून टिकून आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढे तिचं काम आहे.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती उंची. मधलं दालन अरुंद आणि २२ मीटर उंच. त्यामुळे माणूस आडवा पसरत नाही, वरच खेचला जातो. या इमारतीच्या १०४ उघाड्यांमध्ये, म्हणजे ९५ खिडक्या आणि ९ बारीक फटींमध्ये, १९९४ सालापासून सुलाजच्या काचा आहेत. त्याआधी तिथे लिमोझच्या फ्रान्सिस शिगोनं विसाव्या शतकाच्या मध्यावर केलेल्या रंगीत, संतांच्या आकृत्या असलेल्या काचा होत्या.

सुलाज मूळचा इथून सुमारे ४० किलोमीटरवरच्या रोदेझचा, जन्म १९१९चा. शाळकरी वयात तो या चर्चमध्ये आला आणि आपण आयुष्यात कलाच करायची हे त्यानं इथेच ठरवलं, असं तो पुढे वारंवार सांगत असे. जगाला तो माहीत झाला काळ्या रंगाचा चित्रकार म्हणून. १९७९ पासून त्यानं अख्खा कॅनव्हास काळ्यानं भरायला सुरुवात केली. जाड रंग, त्यात ओढलेले चर, आणि त्या चरांच्या कडांवर पडून परत फिरणारा उजेड. काळा रंग हे त्याचं साधन, विषय मात्र उजेडच. त्यामुळे फ्रेंच सरकारच्या सांस्कृतिक खात्यानं ऐंशीच्या दशकात त्याला काँकच्या खिडक्यांचं काम दिलं, तेव्हा निवड वाटते तितकी विचित्र नव्हती. त्यानं १९८७ ते १९९४ अशी सात वर्षं या कामाला दिली.

यातली बरीचशी वर्षं गेली ती काच शोधण्यात. रसग्रहणात अशा तांत्रिक गोष्टी एका वाक्यात आटपायची प्रथा आहे, पण इथे काच हीच कविता आहे, तेव्हा थोडं थांबू या. सुलाजच्या अटी तीन. बाहेरचं काही दिसता कामा नये, नाहीतर डोळा डोंगर आणि ढगांमागे पळतो आणि भिंत फुटल्यासारखी होते. काच रंगवलेली नको. आणि उजेड सगळीकडून सारखा येता कामा नये. पहिल्या दोन अटी बाजारातली कुठलीही दुधी काच पुऱ्या करते. अडतं ते तिसऱ्या अटीपाशी. दुधी काच उजेडाला गोठवते, सगळा एकाच मापाचा करून टाकते. सुलाजला तो काचेच्या आत अडलेला, रेंगाळलेला, कुठे जरा मोकळा सुटलेला हवा होता. तुलूझचा काचकारागीर जाँ-दोमिनिक फ्लरी याला सोबत घेऊन त्यानं मार्सेयच्या काच-केंद्रात आणि पुढे जर्मनीतल्या रोटवाइलला प्रयोगांमागून प्रयोग केले. शेवटी जमलं ते असं: बिनरंगी काच फोडून तिचे दाणे करायचे, जाड आणि बारीक दाणे साच्यात हव्या तशा प्रमाणात पसरायचे, आणि भट्टीत ते एकमेकांना धरतील इतपत तापवायचे. दाण्यांच्या दाटीप्रमाणे कुठे उजेड जास्त पाझरतो, कुठे कमी. ही घट्ट-विरळ वीण काचेच्या पोटातच असल्यामुळे वरून काही लावलंय असं वाटत नाही.

त्या खांबावरचा रंग आला तो इथून. अशा काचेतून उजेड जाताना विखुरतो, आणि विखुरताना निळ्याची वाट वेगळी होते, तांबूस-पिवळ्याची वेगळी. ग्लासभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून ते दिव्याच्या आड धरलं की हाच खेळ दिसतो. म्हणून या खिडक्या आतून काही वेळा मधासारख्या दिसतात आणि बाहेर गल्लीतून पाहाव्यात तर त्याच निळसर करड्या, भिंतीतल्या शिस्ट दगडाला जवळच्या. काँकच्या भिंतीत तीन प्रकारचे दगड आहेत, पिवळट चुनखडी, तांबडा वालुकाश्म आणि करडा-निळा शिस्ट. काच जणू त्यांचंच ऐकून दिवसभर रंग बदलते. सकाळी पूर्वेकडचा अर्धगोल थंड, राखेसारखा असतो. दुपारी दक्षिणेच्या खिडक्या तापतात आणि समोरची उत्तरेची बाजू निळी पडते, म्हणजे एकाच वेळी चर्चच्या दोन कुशींत दोन ऋतू. ढग आला की सगळं काही क्षणांत एका स्वरावर येतं. मी पहिल्या दिवशी वहीत वेळा टिपून ठेवायला लागलो, आणि तासाभरात तो नाद सोडला.

आता रेघा. जुन्या रंगीत काचांमध्ये शिसाची पट्टी ही आकृतीची हद्द असते. इथे संताचा झगा संपला, इथे आकाश सुरू झालं, हे सांगणं तिचं काम. सुलाजकडे आकृतीच नाही, म्हणून शिसं मोकळं झालं. प्रत्येक खिडकीत ते तिरपं, किंचित वाकलेलं, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जातं. त्याच्या मागे लोखंडाचे आडवे गज, अगदी सरळ. गज सरळ आहेत म्हणूनच शिसाचा बाक दिसतो. ताणून सोडायच्या आधीचं धनुष्य म्हणावं तर त्यात हिंसा येते. मला हे बाक उतारावरच्या शेतातल्या तासांसारखे वाटले, बैल वळताना नांगर जसा हलकेच कलतो तसे. उभी रेघ जवळजवळ कुठेच नाही. उभेपणा इमारतीनं इतका पुरा करून ठेवलाय की त्यात भर घालायची गरज नाही, हे त्यानं ओळखलं. काचेभोवती नक्षीची किनारही नाही. किनार आली की खिडकी हे टांगलेलं चित्र होतं.

या रेघांची मूळ रेखाटनं आता रोदेझला २०१४ मध्ये उघडलेल्या सुलाज संग्रहालयात आहेत, आणि ती बघितल्यावर रेघांचा स्वभाव आणखी कळतो. सुलाजनं त्या पेन्सिलीनं काढल्या नाहीत. खिडकीच्या मापाच्या पांढऱ्या गुळगुळीत फळ्यांवर त्यानं काळी चिकटपट्टी लावली. पट्टी उचलता येते, बोटभर सरकवता येते. लहर लागली म्हणून हात फिरवला असं त्यात काही नाही; प्रत्येक बाक पुन:पुन्हा उचलून, मागे सरून बघून, परत लावलेला. १०४ ठिकाणी १०४ वेगळ्या मांडण्या, आणि तरी दोन खिडक्यांमध्ये स्पर्धा नाही. ही अर्थात चर्चमध्ये चालतानाच समजणारी गोष्ट आहे. छायाचित्रांच्या पुस्तकात एकेक खिडकी पानभर छापली की ती बिचारी अगदी साधी, थोडी रुक्षच दिसते.

आणि लोखंड. वेदीच्या भागाभोवती मध्ययुगीन लोखंडी जाळी आहे, नागमोडी वेलांची. सेंत-फ्वा ही कैद्यांना सोडवणारी; सुटलेले लोक आपल्या बेड्या इथे आणून वाहत, आणि त्या बेड्या वितळवून ही जाळी घडवली अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट आहे. दारावरच्या शिल्पातही तिच्या पाठीमागे बेड्या टांगलेल्या दिसतात. हे सगळं आठवत वर पाहिलं की खिडकीतले गज उपरे वाटत नाहीत. सुलाजच्या मनात हे होतं की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. इमारतीच्या मनात होतं.

आपल्याकडे देवळात उजेडाचं सगळ्यांत मोठं नाट्य म्हणजे कोल्हापूरचा किरणोत्सव. मावळतीची किरणं ठरलेल्या दिवसांत गाभाऱ्यापर्यंत येतात, देवीच्या पायांना, मग कमरेला, मग मुखाला लागतात. लोक श्वास रोखून उभे असतात. तिथे उजेड बाणासारखा आहे, त्याला नेम आहे. कोकणातल्या माजघरातल्या काचेच्या कौलातून उतरणारा कवडसासुद्धा तसाच, लहानसा पण धारदार, त्यात नाचणारी धूळ मोजून घ्यावी. काँकमध्ये कवडसा नाही. इतकं ऊन, इतक्या खिडक्या, आणि जमिनीवर उन्हाचा एक तुकडा नाही. रंगीत काचांच्या चर्चमध्ये फरशीवर निळे-तांबडे डाग सरकत असतात, मुलं त्यांच्यावर पाय ठेवत फिरतात. इथे तेही नाही. उजेड पडत नाही, असतो. खांबांवरच्या शिल्पांना तो सगळीकडून वेढतो, त्यामुळे त्यांच्या सावल्या कठोर होत नाहीत.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट मला टोचत राहिली. सुलाजच्या काचांनी या वास्तूला तिचं मूळ रूप परत दिलं, असं कौतुकानं म्हटलं जातं. कुठलं मूळ रूप? दारावरच्या त्या निळ्या-तांबड्या खुणा काय सांगतात? मध्ययुगातली चर्च आपल्याला आवडतात तशी उघड्या दगडाची, संयमी नव्हती. ती रंगवलेली होती, भडक म्हणावीत इतकी. यात्रेकरू दोनशे कोस चालून आला तो सोनं, रंग आणि मेणबत्त्या बघायला. सेंत-फ्वाची मूर्तीच पाहा ना. आज ती चर्चच्या खजिन्यात ठेवलेली आहे, सोन्यानं मढवलेली, रत्नांनी लगडलेली, टक लावून बघणारी. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला आँझेचा बर्नार नावाचा विद्वान धर्मगुरू इथे आला तेव्हा त्याला ती बघून हसू आलं. ही तर जुन्या रोमन देवांसारखी मूर्तिपूजा, असं तो म्हणाला. मग त्याला पश्चात्ताप झाला आणि त्यानं तिच्या चमत्कारांचा ग्रंथच लिहिला. सांगायचं इतकंच, की नितळ दगड आणि शांत उजेड ही आवड विसाव्या शतकाची आहे. सुलाजनं बाराव्या शतकाकडे नेलं नाही. त्यानं आपल्या शतकाच्या डोळ्यांनी बारावं शतक दाखवलं. ते उत्तमच दाखवलं. पण ‘परत दिलं’ म्हणू नये.

शिगोच्या रंगीत काचा उतरवल्या तेव्हा गावात विरोध झाला. साहजिक होतं. ज्यांची लग्नं, बारशी, अंत्यविधी त्या रंगांखाली झाले त्यांना कुणी पॅरिसच्या कचेरीतून सांगावं की हे काढून आता रेघा बसवतो! इथे फ्रान्सची एक गंमत कळायला हवी. १९०५ च्या कायद्यानं धर्म आणि सरकार वेगळे झाले, पण त्याआधी बांधलेल्या बहुतेक चर्चची मालकी गावाकडे आणि कॅथेड्रलांची देशाकडे राहिली. म्हणजे कुठल्याही धर्माला मान्यता न देणारं सरकारच आज छपरांची कौलं बदलतं, खिडक्यांना काचा बसवतं. काँकच्या बाबतीत तर ही देखभाल जुनीच. कादंबरीकार प्रॉस्पेर मेरिमे ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक होता. तो १८३७ मध्ये इथे आला, मोडकळीला आलेलं चर्च पाहिलं आणि त्याच्या अहवालामुळे ते वाचलं. कर भरणाऱ्यांच्या पैशातून, भक्तांच्या जागेत, न मागितलेली कला बसवायची, ही गोष्ट मुळातच अवघड आहे. तिच्यात चूक होण्याची शक्यता नेहमीच जास्त.

पॅरिसच्या नोत्र-दामचंच घ्या. २०१९ च्या आगीतून दक्षिणेकडच्या छोट्या प्रार्थनाघरांच्या काचा धडधाकट वाचल्या. त्या एकोणिसाव्या शतकातल्या, वास्तुकार व्हिओले-ल-द्युकच्या, भौमितिक नक्षीच्या, स्वतःकडे लक्ष न वेधणाऱ्या. त्यांतल्या सहा घरांत आजच्या कलाकाराच्या काचा हव्यात, असं राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं. वारसा-आयोगानं २०२४ मध्ये एकमतानं नको म्हटलं, विरोधाच्या अर्जावर लाखावर सह्या झाल्या, तरी वर्षअखेर क्लेर ताबुरे या चित्रकर्तीची निवड झालीच. ताबुरेच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण गणित उलटं आहे. काँकमध्ये बोलक्या काचा गेल्या आणि इमारतीला बोलू देणाऱ्या आल्या. पॅरिसमध्ये इमारतीला बोलू देणाऱ्या काचा काढून माणसांच्या आकृत्या असलेल्या, गोष्ट सांगणाऱ्या काचा येणार. नवं हवं की जुनं, हा वाद मला त्यात दुय्यम वाटतो. कोण गप्प बसणार, एवढंच विचारायला हवं होतं.

सुलाज गप्प बसला. त्याची सही शोधूनही सापडत नाही, आणि तरी प्रत्येक रेघ त्याचीच आहे. २०२२ मध्ये १०२ वर्षांचा होऊन तो गेला. इतका दीर्घायुषी, इतका मानी, लिलावात कोट्यवधींना विकला जाणारा चित्रकार, आणि त्याचं सगळ्यांत मोठं काम हे असं, ज्याच्याकडे लोक पाठ करून उभे असतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पश्चिमेच्या बाजूला, खांबाच्या बैठकीवर टेकून बसलो होतो. वर सज्जात कुणीतरी ऑर्गनवर हात साफ करत होतं, एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी त्याच जागी चुकत. दोन यात्रेकरू आले, पोतडी उतरवताना त्यांच्या काठ्या फरशीवर वाजल्या. मागचं मोठं दार त्यांनी उघडंच टाकलं होतं. मावळतीचं ऊन त्यातून आत आलं आणि अरुंद दालनाच्या मधोमध सरळ पसरलं, तांबूस, कडा सुरीनं कापल्यासारख्या. दोन दिवसांत पाहिलेला तो पहिला कवडसा. तो इतका ठळक, इतका आगाऊ दिसला की क्षणभर कुणीतरी मोठ्यानं बोलल्यासारखं वाटलं. दारावरचे ते चोरून बघणारे चेहरे त्या वेळी उन्हात असणार. मग एका यात्रेकरूच्या लक्षात आलं. तो लंगडत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.